चालेल ती

वळसंग,
११ ऑगस्ट २०२४

उत्कर्षाताईंना महादेवीचा नमस्कार.

वळखलं का? वळसंगची महादेवी बिराजदार. काखेत पोरगी घेऊन एसटीनं यायची, ती. पोरीचं नाव संस्कृती. तुमचं अपंग लेकरांचं निर्झर केंद्र तवा सात रस्त्याजवळ वरच्या मजल्यावर व्हतं, जिना चढताना मी दोनदा टेकायची. २०११ ते १३, दोन वर्सं आलो आमी.

संस्कृती या डिसेंबरात सोळा वर्सांची हुईल. दहावीला हाय. हळू लिहिते पर अक्षर चांगलं येतं. गणितात हुशार हाय. ताठ बसते. चालत न्हाय.

तुमी शिकिवलेला व्यायाम मी सोडला न्हाय. सकाळी एकदा, सांजच्याला एकदा. टाच वर दाबायची, ईस मोजायचे. मांड्या बाजूला करायच्या, ईस मोजायचे. मग गुडघ्याला पट्टे बांधून भिंतीला उभी करायची. तेरा वर्सं झाली. सासरे वारले त्या दिवशी बी माती झाल्यावर केला.

शाळेला मी पाठीवर नेते. आता ती माझ्यापरीस उंच झाली, तिचे पाय खाली घासतात. जूनमदी माझ्या कमरंत कायतरी सटकलं. डॉक्टर म्हणले वजन उचलायचं न्हाय. मालक चिंचोळीला कंपनीत हायत, तितंच खोली करून राहतात, रविवारी येतात. मग उचलणार कोण? चार वर्सांमागं शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली व्हती. ती गोठ्यात पोत्याखाली ठिवली हाय. चालणाऱ्या पोरीला खुर्ची कशाला, म्हणून काढली न्हाय.

माझं इचारणं एवढंच की, तुमी म्हणला व्हता चालेल ती. अजून किती दिवस? व्यायाम कमी पडतो का माझा चुकतो? नवीन काय असंल तर लिहून धाडा. रागानं लिहीत न्हाय.

फोन करू नका. केंद्राचा नंबर माझ्याकडं हाय. पर फोनवर तुमी गोड बोलता, मी ऐकत बसते, आणि इचारायचं ऱ्हाऊन जातं. म्हणून कागद.

महादेवी श्रीशैल बिराजदार


सोलापूर,
२० ऑगस्ट २०२४

प्रिय महादेवीताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पाहून खूप बरं वाटलं. तुम्हाला आणि संस्कृतीला मी कशी विसरेन? ती गणितात हुशार आहे, ताठ बसते, स्वतः लिहिते, हे वाचून केंद्रातल्या सगळ्यांना सांगितलं. तुमच्या कष्टांचं हे फळ आहे.

चालण्याबद्दल तुम्ही लिहिलंत. मी इतकं ठामपणे 'चालेल' म्हटलं असेन असं मला वाटत नाही. आमच्या कामात आम्ही 'प्रयत्न करू या, बघू या' असं म्हणतो. प्रत्येक मूल वेगळं असतं. त्या वेळी मी नवीन होते, कदाचित बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल आणि तुम्ही आशेनं तसं ऐकलं असेल. असं पुष्कळ आयांचं होतं.

एकदा तिला घेऊन या. आता आपलं केंद्र तळमजल्यावर आहे. फिजिओथेरपिस्ट दर बुधवारी येतात, ते नव्यानं तपासतील. तोवर तिला उचलू नका. खुर्ची वापरायला काहीच हरकत नाही.

मी आता केंद्राची प्रमुख आहे. काम वाढलंय, माणसं तेवढीच आहेत. वेळ कसा जातो कळत नाही.

तुमची,
उत्कर्षा देवकर


वळसंग,
१ सप्टेंबर २०२४

उत्कर्षाताई,

तुमी म्हणता मी आशेनं ऐकलं. मग मला काय काय ऐकू आलं ते लिहिते.

गौरी बसल्या व्हत्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट हाय. तुमच्या मोठ्या बाई रजेवर व्हत्या. तुमी एकल्याच खिडकीजवळ डबा खात व्हता, डब्यात नुसता पाव व्हता. मी म्हणले, "ताई, सणाचं पाव खाता व्हय?" आणि माझ्यातली करंजी दिली. तुमी हसला. मग मी इचारलं, "ताई, खरं सांगा. ही चालंल का?" तुमी डबा खाली ठिवला. तिच्या पायावर हात ठिवला. म्हणला, "चालेल ती. पाच वर्षांची होईपर्यंत नक्की चालेल."

"नक्की" म्हणला व्हता. मी परत इचारलं, "नक्की?" तर तुमी म्हणला, "मी सांगते ना."

मी एसटीत शेजारणीला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. सासूबाई, सुंदरम्मा, त्यांना कानडीच येतं, त्यांना परत कानडीत सांगितलं. त्या म्हणत व्हत्या दुसरं लेकरू होऊ दे. मालक बी म्हणत व्हते. मी म्हणले, ही चालू दे आधी. दोन्ही हात हिच्यासाठी लागतात, दुसऱ्याला कुटनं आणू? पाच वर्सांची होऊ दे. मग सहा. मग धा. मग मालकांनी इचारणं सोडलं. आता माझं वय गेलं.

हे तुमच्यावर टाकत न्हाय. पर मी ऐकलंच न्हाय असं म्हणू नका.

मला तपासणी नको. उत्तर पायजे.

महादेवी


सोलापूर,
१९ ऑक्टोबर २०२४

महादेवीताई,

तुमचं पत्र येऊन दीड महिना झाला. पंधरा दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. तीनदा उत्तर लिहिलं, तिन्ही वेळा त्यात 'प्रयत्न' हा शब्द आला, म्हणून फाडून टाकलं.

गेल्या शनिवारी सगळे गेल्यावर जुन्या फाइलींचं कपाट उघडलं. संस्कृतीची फाइल सापडली. त्यात डॉक्टरांनी लिहिलंय, 'अडीच वर्षे पूर्ण, आधाराशिवाय बसत नाही. पुढे चालण्याची शक्यता जवळजवळ नाही. पालकांना नीट समजावून सांगावे.' खाली माझी सही आहे. तारीख त्या गौरींच्या आठ दिवस आधीची.

म्हणजे मला माहीत होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये परत एकदा सांगितलं.

का, ते लिहिते. पटावं म्हणून लिहीत नाही. मी सव्वीस वर्षांची होते. करमाळ्याहून नोकरीसाठी आले होते. संध्याकाळी खोलीवर गेलं की दुसऱ्या दिवशी केंद्रात येईपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. केंद्रातली मुलं बोलत नव्हती, त्यांचे आईवडील मोठ्या बाईंशी बोलत. माझ्याशी फक्त तुम्ही बोलायचात. त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी कुणीतरी मोठी आहे. खरं सांगितलं असतं तर तुमचा चेहरा पडला असता, आणि परत तुम्ही माझ्याकडे तसं पाहिलं नसतं. मला ते नको होतं. लोक म्हणतील, दयेपोटी बोलली बिचारी. दया नव्हती ती. मला माणूस हवं होतं.

आणखी एक. २०१३ मध्ये मीच म्हणाले, "आता तुम्हाला सगळं जमतंय, येण्याजाण्याची दगदग नको, घरीच करा." तुम्हाला वाटलं असेल, पोरगी सुधारली म्हणून. ती पाच वर्षांची होत आली होती. तो दिवस मला माझ्यासमोर नको होता. तुम्ही यायच्या थांबलात तेव्हा मला हायसं वाटलं. पुढे किती तरी दिवस डब्याच्या वेळेला मी दाराकडे बघत असे, तेही खरं.

आता तुमचं उत्तर. संस्कृती चालणार नाही. व्यायाम चुकला नाही, कमीही पडला नाही. तुम्ही दुप्पट केला असता तरी चालली नसती. त्या व्यायामानं तिचे सांधे आखडले नाहीत म्हणून ती ताठ बसते. पण चालणं त्यात नव्हतं.

आज मी नव्यानं आलेल्या मुलींना शिकवते की आईला पहिल्या महिन्यात खरं सांगा, सोप्या शब्दांत, बसवून, पाणी देऊन. त्या वहीत लिहून घेतात. मी कुणामुळे हे शिकले ते कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या लेकराबद्दल तुम्ही लिहिलंत. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मला माफ करा असं लिहिते आहे. तुम्ही करावं असा आग्रह नाही.

उत्कर्षा


सोलापूर,
१५ डिसेंबर २०२४

महादेवीताई,

दोन महिने झाले. माझं पत्र मिळालं असेल. नोव्हेंबरातही एक पाठवलं होतं.

या महिन्यात संस्कृतीला सोळावं संपलं असेल. तुमच्या कमरेचं काय झालं? तिला शाळेत कोण नेतं?

नोव्हेंबरात एकदा वळसंगच्या एसटीत बसले होते. कुंभारीला उतरून परत आले. तुम्ही बोलावलं नसताना दारात येऊन उभं राहणं म्हणजे परत माझंच समाधान करून घेणं, असं वाटलं.

उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. पण तिला पाठीवर नेऊ नका. मला माफ करा.

उत्कर्षा


वळसंग,
१८ जानेवारी २०२५

आदरणीय उत्कर्षा मॅडम,
सविनय नमस्कार.

मी संस्कृती बिराजदार. मी हळू लिहिते, हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. अव्वाला माहीत नाही. म्हणजे आमची आई, आम्ही तिला अव्वा म्हणतो.

तुमचं मोठं पत्र आलं तेव्हा अव्वा अंगणात शेंगा फोडत होती. तिनं वाचलं. परत वाचलं. आजीनं कानडीत विचारलं, कुणाचं गं? अव्वा शेंगा फोडत राहिली. संध्याकाळी सहा वाजले, सात वाजले. मी विचारलं, "अव्वा, आज व्यायाम न्हाय का?" ती म्हणाली, "न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी भरून अक्कलकोटला मावशीकडे गेली. माझ्या आठवणीत अव्वा कधी एक रात्रसुद्धा बाहेर राहिली नव्हती. नऊ दिवस राहिली. मला आजी न्हाऊमाखू घालायची आणि रडायची. पप्पांना फोन केला तर ते कंपनीतून सुट्टी घेऊन आले. त्यांनीच गोठ्यातली खुर्ची काढली. एका चाकाला गंज लागला होता, त्यांनी तेल घातलं. आमच्या घरात तेव्हा सगळेच लई गप्प होते की.

मॅडम, मी हे पत्र एका गोष्टीसाठी लिहिते. मला माहीत होतं.

मी आठवीत होते. शाळेत महिन्यातून एकदा विशेष शिक्षक येतात. त्यांनी माझ्या अपंगत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स मागितली. पप्पांनी दिलेला कागद दप्तरात होता, मी वाचला. त्यात 'कायमस्वरूपी' लिहिलं होतं. मी सरांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "अगं, सर्टिफिकेटसाठी तसं लिहावं लागतं." मग मी त्यांना परत विचारलं, "सर, मी चालणार आहे का?" ते म्हणाले, "नाही गं." मला रडू आलं नाही. भूक लागली होती, मी डबा खाल्ला.

अव्वाला सांगायचं धाडस झालं नाही. ती ईस मोजायची तेव्हा तिच्या तोंडाकडे बघितलं की सांगता यायचं नाही. कधी कधी मीच म्हणायचे, "अव्वा, आज जरा हललं वाटतंय." ती त्या दिवशी गोड करायची. म्हणजे मी पण दोन वर्षं खोटं बोलले. ते मी अव्वाला अजून सांगितलेलं नाही. ती मावशीकडून आल्यावर सांगणार होते, पण ती इतकी बारीक झाली होती की राहून गेलं. तुम्ही पण सांगू नका.

आता मी खुर्चीवरून शाळेत जाते. ग्रामपंचायतीजवळच्या चढावर एकाला ढकलावं लागतं, बाकी मी एकटी जाते. पहिल्या दिवशी अव्वा दारात उभी राहिली. मी वळून बघितलं तर ती आत गेली होती.

तुम्ही पत्रात सारखं 'माफ करा' लिहू नका. ती वाचते, घडी घालते आणि दिवसभर बोलत नाही.

आणि एक विचारायचं होतं. माझी परीक्षा फेब्रुवारीत आहे. मला अकरावी कॉमर्सला सोलापुरात यायचं आहे. खुर्ची आत जाईल असं कॉलेज आणि वसतिगृह आहे का? खरं असेल ते कळवा.

आपली नम्र,
संस्कृती

ता. क. पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवा.


सोलापूर,
३१ जानेवारी २०२५

प्रिय संस्कृती,

तुझं अक्षर फार छान आहे. तुझी गोष्ट मी कुणाला सांगणार नाही, पण तू स्वतः अव्वाला कधीतरी सांग. कधी, ते तुला कळेल. मी त्यात सल्ला द्यायला योग्य माणूस नाही.

गेल्या आठवडाभरात मी पाच कॉलेजांत जाऊन आले. तीन ठिकाणी पायऱ्याच आहेत. एका ठिकाणी उतार बांधलाय पण कॉमर्सचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. "मुलगी हुशार असेल तर उचलून नेऊ," म्हणाले. मी म्हटलं, तिला उचलून घ्यायचं नाही. एक कॉलेज चांगलं आहे. तिथे वर्ग तळमजल्यावर, मुलींच्या बाथरूमचं दार रुंद, मी मोजून पाहिलं. मात्र वसतिगृह नाही. इतर दोन वसतिगृहांत गेले, दोघांनीही 'बघू' म्हटलं. 'बघू'चा अर्थ बहुतेक वेळा नाही असा असतो. राहण्याची सोय होईल की नाही हे मला आज माहीत नाही. कळलं की लिहीन, नाही झालं तरी लिहीन.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. मी आता अव्वाला पत्र लिहिणार नाही.

मी रविवारी घरीच असते. खोलीत आवाज असावा म्हणून सकाळी रेडिओ लावते आणि ऐकत नाही. परवाच्या रविवारी बंद केला आणि तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. 'भूक लागली होती, मी डबा खाल्ला,' इथे मला पुढे वाचता आलं नाही.

परीक्षेला जास्तीचा वेळ मिळतो. तुमच्या मुख्याध्यापकांना अर्ज दिला आहे का, विचार. नसेल तर आजच द्यायला सांग.

उत्कर्षा


वळसंग,
६ एप्रिल २०२५

उत्कर्षाताई,

संस्कृतीच्या दप्तरात तुमचं पत्र सापडलं. परीक्षा झाल्यावर दप्तर धुवायला काढलं व्हतं. तिला म्हणले, "हे काय?" मग तिनं सगळंच सांगितलं. आठवीतलं बी सांगितलं. म्हणजे तुमाला ठावं व्हतं, तिला ठावं व्हतं, त्या मास्तरला ठावं व्हतं, मालकांनी तर दाखला काढून आणलेला. गावात मी एकटीच ईस मोजत बसले व्हते.

मालकांना इचारलं, तुमी का बोलला न्हाय? ते म्हणले, "तू सकाळी उठायचीस ती त्याच्यासाठी. ते काढून घेऊन तुला दुसरं काय देणार व्हतो?" मी त्यांच्याशी चार दिवस बोलले न्हाय. मग बोलले. कुणाशी बोलायचं दुसऱ्या?

पोरीवर मातूर राग आला न्हाय. तिला जवळ घेतलं. ती रडली, मी न्हाय रडले. मला वाटलं येईल, आलंच न्हाय.

तुमी पाच कॉलेजं फिरला, बाथरूमची दारं मोजली, ते वाचलं. राहण्याचं मालकांनी ठरिवलं हाय. चिंचोळीची खोली सोडून त्या कॉलेजाजवळ खाली खोली घेतात, बाप-लेक तितं राहतील. कंपनीला ते गाडीनं जातील. मी म्हणले मी बी येते. पर सासूबाईंना आता दिसत न्हाय, त्यांना कुणावर सोडू? आणि संस्कृती म्हणली, "अव्वा, मला जमतंय का बघू दे की." तवा जूनपासनं हितं मी आणि सासूबाई. कपडे तिचे तिला घालता येतात का बघते आता रोज. लई येळ लागतो, मी हात पाठीमागं बांधून उभी ऱ्हाते.

कंबर बरी हाय. आता काय उचलायचंच न्हाय तर दुखणार कशानं? सांजच्याला मातूर हात कुटं ठिवावेत कळत न्हाय. एक दिवस सासूबाईंचे पाय चोळायला घेतले. त्या दचकल्या, म्हणल्या, "यारू?" कोण, म्हणून. मी हाय म्हणले.

तुमी माफी मागितली. माझ्याकडं हाय का ते लई दिवस बगितलं. न्हाय. हाय म्हणून लिहिलं असतं तर तुमालाबी बरं वाटलं असतं, मलाबी सोपं गेलं असतं. पर तसलं बोलणं आपल्या दोघीत एकदा झालं तेवढं बास.

दुसरं लेकरू झालं असतं तर ते आता सहावीत-सातवीत असतं. हा हिशेब मी रोज करत न्हाय. पर करते.

संस्कृती म्हणती, मॅडम रविवारी एकट्या असतात, रेडिओ लावून ठिवतात. तुमी करमाळ्याच्या, एवढी वर्सं झाली, अजून खोलीतच ऱ्हाता व्हय? मला वाटायचं तुमचं लगीन झालं असंल, मोठं घर असंल. राग करताना मी तुमाला मोठ्या घरात बसवून राग करायची.

येत्या रविवारी या. कुंभारीला उतरू नका, सरळ वळसंगला या. स्टँडवर कुणालाबी संस्कृतीचं घर कुटं म्हणून इचारा. माझं नाव सांगू नका, माझ्या नावानं आता कुणी वळखत न्हाय, तीच हिंडत असते गावभर. पुंडीची भाजी करीन, भाकरी गरम वाढीन. पोरगी बोलंल तुमच्याशी, तिला लई बोलायचं हाय.

मी बोलणार न्हाय. जेवून जावा.

महादेवी